आधी चाक, मग चासी

१९५५ सालच्या शेव्हर्लेची बॉडी बोल्ट सोडवून वर उचलली की खाली उरतात दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना बांधून ठेवणारे आडवे तुकडे. बैलगाडीला साटी, तशी मोटारीला चासी. इंजिन हिच्यावर, पाटे हिला, बॉडी हिच्या डोक्यावर. रंगाचं आणि क्रोमचं कौतुक होतं, चासीला मात्र कुणी वाकून बघत नाही. तरीही गाडी रस्त्यावर कशी वागणार, हे ठरतं इथंच.

१९५५, ५६ आणि ५७ या तीन वर्षांच्या शेव्हर्लेंना अमेरिकेत लाडानं ‘ट्राय-फाइव्ह’ म्हणतात. त्यांच्यासाठी नव्यानं घडवलेली, पूर्ण लांबीची चासी तिथं विकत मिळते. वॉशिंग्टन राज्यातल्या फाइफ इथली आर्ट मॉरिसन एंटरप्रायझेस आणि इलिनॉयमधली रोडस्टर शॉप ही या धंद्यातली मोठी नावं. खरेदी मोठी आणि परतीची वाट अवघड. बहुतेक हौशी मंडळी नेमकी हिच्यापासूनच सुरुवात करतात. माझ्या मते चासी सर्वांत शेवटी निवडावी. सुरुवात चाकापासून करावी आणि तिथून आत यावं.

जुनी कमी का पडते?

मूळ चासी वाईट नव्हती. शेव्हर्लेचे मुख्य अभियंते एड कोल यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या गाडीत ४.३ लिटरचं नवं व्ही-एट इंजिन आलं. साध्या रूपात त्याची ताकद १६२ अश्वशक्ती होती. पुढच्या-मागच्या चाकांत ११५ इंचांचं अंतर, अरुंद टायर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या ओझ्याला ती चासी पुरेशी होती.

आज त्याच गाडीत १९९७च्या कॉर्व्हेटमधून पुढं आलेल्या एलएस घराण्यातलं इंजिन बसवतात. त्यातलं पहिलंच ३४५ अश्वशक्तीचं होतं. इंजिनाइतकाच महत्त्वाचा बदल टायरचा आहे. रुंद रेडियल टायर वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवतो. पूर्वी टायर घसरायचा आणि जोर तिथंच संपायचा. आता तो जोर सस्पेन्शनमधून थेट चासीत शिरतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं तुळया आतून कुजतात, ते वेगळंच.

चासीनं पिळ्याला दाद देऊ नये, ही पहिली अपेक्षा. पिळा म्हणजे काय, ते घरी कळतं. टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या, दोन्ही तोंडं बंद ठेवा आणि दोन हातांनी पिळून बघा. ते हटून बसतं. मग ब्लेडनं एका कडेवर लांबीभर चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण खोकं हातात लुळं पडतं. पोलादाचंही असंच. १०० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची बंद नळी आणि तशीच पण लांबीभर चिरलेली नळी, यांचा हिशेब केला तर पिळ्याला विरोध करण्याची ताकद तीनशे पटींहून अधिक घटते. म्हणून विक्रेत्याला पत्र्याची जाडी विचारण्याआधी विचारावं: तुळया सलग बंद आहेत का? आडवे तुकडे किती आणि कुठं? गिअरबॉक्सखालचा तुकडा बोल्टवर निघतो का? उघड्या टपाच्या गाडीत हे प्रश्न दुपटीनं मोलाचे, कारण तिथं छताचा आधार नाही. म्हणूनच कंपनीनंही त्या मॉडेलच्या चासीत इंग्रजी एक्सच्या आकाराचा जादा आधार घातला होता.

चाकापासून आत

आता चाक. गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहणार आणि टायर किती रुंद, हे दोन आकडे आधी ठरले पाहिजेत. मागं रुंद टायर हवा असेल तर तुळया आत सरकवलेल्या लागतात. अ‍ॅक्सलची लांबी आणि रिमची खोली त्याच हिशेबानं येते. चासी आधी घेतली आणि टायर मागून आवडला, तर टायर मडगार्डला घासतो किंवा आत तुळईला.

उंचीचा संबंध भूमितीशी आहे. सस्पेन्शनचे दांडे एका ठरावीक उंचीला नीट काम करतात. चाक खड्ड्यात उतरताना स्टिअरिंगच्या दांड्यानं सस्पेन्शनच्या दांड्यांशी मेळ राखून फिरावं लागतं. तो मेळ चुकला की स्टिअरिंग स्थिर असूनही चाक आपोआप वळतं आणि गाडी रस्त्यावर भरकटते. दिसायला छान म्हणून नंतर दोन इंच खाली बसवलेली गाडी बहुधा इथंच बिघडते.

मागच्या बाजूला तीन वाटा. पाटे स्वस्त आणि सोपे, पण जोरदार इंजिनाखाली ते पिळवटून इंग्रजी एसच्या आकारात वाकतात आणि चाक उड्या मारू लागतं. चार दांड्यांची रचना अ‍ॅक्सलला जागेवर धरते. लांबच्या प्रवासासाठी मला ती सर्वांत समंजस वाटते. प्रत्येक चाक स्वतंत्र ठेवणारी रचना खडबडीत रस्त्यावर सुखाची, पण वजन, सांधे आणि खर्च वाढवणारी. शर्यतीच्या मैदानावर न जाणाऱ्यानं शर्यतीची चासी घेऊ नये.

गुण्यात आहे का?

ट्राय-फाइव्हची बॉडी मुळातच चासीवर बोल्टनं बसलेली, त्यामुळं अदलाबदल सरळ. कॅमेरो किंवा पहिल्या मस्टँगचं तसं नाही. मस्टँगची बॉडीच तिचा सांगाडा आहे. १९६७च्या कॅमेरोत फक्त पुढचा सांगाडा वेगळा, बोल्टचा. अशा गाडीखाली पूर्ण लांबीची चासी घालताना फरशी कापावी लागते का, हा पहिला प्रश्न. कापलेली फरशी पूर्ववत होत नाही.

चासी आली की गवंड्यासारखं वागावं. तिला सपाट जमिनीवर समतल टेकवावं, बॉडीच्या बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडावा आणि खाली खडूनं खुणा कराव्यात. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत टेप धरावा, मग उलट बाजूनं. बाजू जुळताहेत आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत, तर चौकट गुण्यात आहे. ही खातरजमा रंगाआधी करावी. चासी कोरी मागवावी. इंजिन, सायलेन्सर, बॉडी सगळं एकदा जोडून बघावं, राहिलेले ब्रॅकेट वेल्ड करावेत आणि मगच रंग द्यावा.

जुनी टाकू नका

१९५५च्या शेव्हर्लेच्या ओळखक्रमांकाची पट्टी डावीकडच्या दाराच्या खांबावर असते. अमेरिकेत तिच्याशी छेडछाड हा गुन्हा आहे. चासी बदलताना नोंदणीचे नियम राज्याराज्यांत तपासावे लागतात.

आपल्याकडं हिशेब आणखी कडक आहे. जनरल मोटर्सनं १९२८पासून मुंबईत शिवडीला शेव्हर्ले जोडल्या; तो कारखाना १९५४ साली बंद झाला. त्या काळच्या गाड्या जपणाऱ्यांसाठी २०२१ साली केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीची सोय झाली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि मूळ रूपातली. चासीत फेरफार केला की ती या व्याख्येतून बाहेर पडते. शिवाय गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. म्हणून इथल्या मालकानं मूळ चासीच दुरुस्त करावी, असं मी मनापासून सांगेन.

आणि जिथं बदलता येते, तिथंही जुनी भंगारात देऊ नये. तेल लावून, झाकून ठेवावी. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात हवीशी वाटली, तर त्याच्यासाठी ती वाट उघडी राहते.

चासीचं कॅटलॉग उघडण्याआधी एक काम करा. निवडलेली चाकं गाडीशेजारी उभी करा, मडगार्ड जमिनीपासून किती उंच हवं ते टेपनं मोजा आणि आकडा कागदावर लिहा. विक्रेत्याशी बोलणं त्या आकड्यापासून सुरू करा.