चांगला व्यवस्थापक होण्यासाठी पदवीनंतर काय शिकावे?

बीबीए, एमबीए झालं, नोकरी लागली, की वाटतं आता आपण मॅनेजर झालो. पण पदवीने पद मिळतं, माणसं मिळत नाहीत. ती आपल्याला जोडावी लागतात.

माझ्याकडे चौथीला असलेला एक मुलगा एमबीए करून एका कारखान्यात लागला. दिवाळीत भेटायला आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "सर, माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, सगळी बाबांच्या वयाची. तोंडावर 'हो साहेब' म्हणतात आणि करतात स्वतःच्याच पद्धतीने. नोकरी सोडावी म्हणतोय."

मी एवढंच विचारलं, "त्या बारा जणांची नावं सांग बघू."

तो पाचव्या नावावर अडकला.

मी प्राथमिक शिक्षक आहे, व्यवस्थापन शास्त्र शिकलेलो नाही. पण वर्ग सांभाळताना जे कळलं आणि मोठ्या माणसांच्या कामातून जे दिसलं, ते त्याला सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो.

१) माणूस ओळखा
वर्गात "ए, तू ऊठ" म्हटलं तर मूल उठतं, पण मन लावत नाही. नावाने हाक मारली की त्याचं लक्ष आपल्याकडे येतं. मोठ्यांचंही तसंच आहे. कोण किती वर्षं काम करतोय, कोणाला कशाची अडचण आहे, हे माहीत हवं.

२) आधी ऐका, मग सांगा
ज्याने वीस वर्षं तेच यंत्र चालवलं आहे, त्याला त्याच्या आवाजावरून बिघाड कळतो. हे पुस्तकात मिळत नाही. "काका, हे असं का करता?" असं विचारण्यात कमीपणा नाही. कधी त्यांचं कारण बरोबर निघेल, कधी नुसती जुनी सवय निघेल. पण विचारल्याशिवाय यातला फरक कळणार कसा?

३) दुसऱ्याच्या गुणांवर विश्वास ठेवा
डॉ. वर्गीस कुरियन १९४९ साली गुजरातमधील आणंदला आले. ते होते इंजिनिअर. त्रिभुवनदास पटेल यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी दूध संघ उभा केला होता. म्हशीच्या दुधाची पावडर होऊ शकत नाही, असं तेव्हा परदेशी तज्ज्ञ म्हणत. ते तंत्र जमवलं एच. एम. दलाया यांनी. बघा, माणसं जोडणं एकाचं, तंत्र दुसऱ्याचं, व्यवस्थापन तिसऱ्याचं. तिघांनी एकमेकांना जागा दिली, म्हणून 'अमूल' मोठं झालं. पुढे एवढं नाव होऊनही कुरियन स्वतःला शेतकऱ्यांचा नोकरच म्हणवून घेत.

४) पद्धत सोपी ठेवा
मुंबईचे डबेवाले आठवा. एक डबा घरापासून ऑफिसपर्यंत अनेक हातांतून जातो. झाकणावरच्या रंग, अंक आणि अक्षरांच्या खुणांवरून तो कुठल्या स्टेशनला, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जायचा ते कळतं. अनेक डबेवाल्यांचं शिक्षण बेताचं असूनही काम चोख होतं, कारण खूण प्रत्येकाला समजते. तुमची सूचना शेवटच्या माणसाला समजली नाही, तर चूक आधी सूचनेत शोधा.

५) स्वतः कामाला हात लावा
डबेवाल्यांचा मुकादम नुसता हुकूम सोडत नाही. वेळ पडली तर स्वतः डबे उचलतो. म्हणून त्याचा शब्द चालतो.

६) चूक कबूल करा, पण निर्णय टाळू नका
फळ्यावर गणित चुकलं तर मी मुलांसमोरच "माझं चुकलं" म्हणतो. मुलं हसतात, पण नंतर स्वतःच्या चुका लपवत नाहीत. मात्र सगळ्यांचं ऐकायचं म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायचं असं नव्हे. ऐकून झाल्यावर निर्णय घ्यायचा आणि त्याची जबाबदारीही घ्यायची. यश आलं तर "आम्ही केलं" आणि चुकलं तर "माझं चुकलं", एवढं जमलं तरी पुष्कळ.

मार्चमध्ये त्या मुलाचा फोन आला. कुरबुरी अजून आहेत म्हणाला, पण नोकरी सोडायचं आता डोक्यात नाही. आणि मी न विचारताच त्याने बाराही नावं सांगितली, कोणाची मुलगी यंदा दहावीला आहे तेही सांगितलं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कामावर गेलात की आधी नावांपासून सुरुवात करा.