उन्हाळ्यात टायर का फुटतो?

यवतमाळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेवून पाहिले असेल तर उरलेलेही तुम्हाला ठाऊक आहे. अशाच एका मे महिन्यात आम्ही लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. गाडीत पाच मोठी माणसे, मागे बॅगा, आहेराची भांडी आणि आंब्यांची पेटी. सकाळपासून गाडी गावात खरेदीसाठी हिंडलेली होती. निघताना हवा भरायला थांबलो. तिथल्या मुलाने गेज लावले आणि म्हणाला, "सर, सदतीस दावते. ऊन लय हाये, तीसवर आनून ठेवतो. नाई तं तापून फुटन टायर."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. वायू तापला की त्याचा दाब वाढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मला त्याचे म्हणणे पटले आणि मी मान हलवली. फुस्स आवाज करीत चारही चाकांतून हवा बाहेर आली.

देवळीच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. मोठा आवाज झाला, गाडी डावीकडे ओढू लागली. मी सुकाणू घट्ट धरून फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी आपोआप मंदावली आणि कडेला थांबली. कोणाला खरचटलेही नाही. घाबरून जोरात ब्रेक दाबला असता तर चांगल्या चाकांची पकड आणि फुटलेल्या चाकाची ओढ यांचा मेळ न बसून गाडी गर्रकन फिरली असती. असे झाले तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, हे घरातल्या चालवणाऱ्यांना सांगून ठेवा.

पुढच्या पंक्चरच्या दुकानात कारागिराने तो टायर चाकावरून उतरवला आणि उलटा करून आपटला. आतून चमचाभर काळी भुकटी खाली पडली. त्याने ती बोटाने चोळून मला दाखवली आणि म्हणाला, "हवेनं नाई फुटलं सर हे. हवा नव्हती म्हनून फुटलं."

कोण बरोबर, हवा सोडणारा मुलगा की हा कारागीर? आपण हिशेबच करू.

वायूचे आकारमान बदलत नसेल तर त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवायचे. दाबाच्या बाबतीतही एक गोष्ट विसरायची नाही. गेज दाखवते तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब असतो. खरा दाब हवा असेल तर त्यात वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून येथे तो दर चौरस इंचाला सुमारे १४ पौंड धरू.

माझ्या गाडीच्या टायरमध्ये ३३ पौंड हवा हवी. ही टायर थंड असतानाची. समजा पहाटे ३० अंशांना ती ३३ आहे. खरा दाब झाला ४७ आणि निरपेक्ष तापमान ३०३. आता भर उन्हात पळून टायर ७० अंशांवर गेला, म्हणजे ३४३. मग ४७ गुणिले ३४३ भागिले ३०३, उत्तर येते सुमारे ५३. त्यातून १४ वजा केले की गेजवर ३९. इतके तापून दाब वाढला तो अवघा ६ पौंड! टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कमाल दाब लिहिलेला असतो. पुष्कळ टायरवर तो ४४ किंवा ५१ पौंड असतो, आणि तोही थंड टायरचा. तापल्यावर दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेले असते. म्हणजे ज्या दाबाला भिऊन आम्ही हवा सोडली, त्याने चांगला टायर फुटत नाही.

आता आम्ही काय करून बसलो ते पाहा. गेज ३७ दाखवत होते तेव्हा टायर सुमारे ६० अंशांवर होता. तो थंड झाला असता तर आकडा बरोबर ३३ च्या जवळ आला असता. तापलेल्या टायरमधून हवा काढून आम्ही ३० वर आणली. ती थंड टायरच्या हिशेबाने किती? ४४ गुणिले ३०३ भागिले ३३३, म्हणजे ४०. त्यातून १४ गेले, राहिले २६. हव्या त्या दाबापेक्षा ७ पौंड कमी, आणि गाडीत पाच माणसे आणि सामान.

गाडी खरे पाहता रबरावर उभी नसते, आतल्या हवेवर उभी असते. मागच्या एका चाकावर ३५० किलो भार आहे असे समजा. ३३ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. तेव्हा भार पेलायला ढोबळ मानाने १५० चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकावा लागतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. दाब २६ वर आला की तोच भार पेलायला १९० लागतात. टायर अधिक चपटा बसतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात.

वाकल्याने काय बिघडते? एक जाड तार घ्या आणि एकाच जागी भराभर वीस-पंचवीस वेळा वाकवा. लगेच त्या जागी बोट लावा, पण जपून, कारण चटका बसतो. रबराचे कारण थोडे वेगळे आहे. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो उसळून पुन्हा हातापर्यंत येत नाही. दबताना त्याने जेवढी ऊर्जा घेतली तेवढी सगळी परत दिली नाही. राहिलेली बरीचशी उष्णता होऊन रबरातच मुरली. टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकतो तेव्हा दबतो आणि सुटतो तेव्हा सरळ होतो. चाकाचा परीघ १.९ मीटर धरा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सेकंदाला १३ वेळा दबणे आणि १३ वेळा सुटणे! यवतमाळहून देवळी सुमारे ५० किलोमीटर. तेवढ्यात सव्वीस हजारांहून अधिक वेळा. दर खेपेला थोडी थोडी उष्णता. रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने ती लवकर बाहेर पडत नाही, आणि खालचा रस्ता तर ६० अंशांच्या पुढे तापलेला.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्याच्या पोटात बळकट धाग्यांचे थर असतात आणि हवेचा ताण तेच पेलतात. (सुरुवातीच्या टायरांत हे धागे कापसाचे असत. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. पुढे रेयॉन, नायलॉन, पॉलिस्टर आणि पोलादी तारा आल्या.) फार तापले की धागा आणि रबर यांची पकड सुटू लागते, थर एकमेकांवर घासतात आणि रबराची भुकटी होते. कारागिराने दाखवली ती हीच. शेवटी भिंत फाटते. टायर ११० अंशांपर्यंत तापला होता असे धरले, तरी ४० गुणिले ३८३ भागिले ३०३ म्हणजे सुमारे ५१, आणि गेजवर ३७. ज्या ३७ आकड्याला भिऊन आम्ही हवा सोडली, त्याहून जास्त दाब फुटायच्या क्षणीही आत नव्हता! कारागीर बरोबर होता. एम.एस्सी. झालेला मी चुकलो होतो.

याच गोष्टीची मोठी किंमत अमेरिकेने मोजली आहे. २००० साली तेथे फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. हे टायर बहुतांशी फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. वेगात असताना त्यांचा वरचा पट्टा सुटून येई आणि उंच गाडी उलटे. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. बनावटीतले दोष निघाले, त्यावरून दोन्ही कंपन्यांचे भांडणही झाले. पण वादाचा एक मुद्दा हवेचाच होता. गाडीवाले २६ पौंड ठेवा म्हणत आणि टायरवाले पुढे ३० ठेवा म्हणू लागले. अपघात जास्त झाले ते दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत. त्याच वर्षी तेथे कायदा झाला, आणि २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा पाव हिश्श्याने कमी झाली की दिवा लावणारे यंत्र सक्तीचे झाले.

आपल्याकडे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता जून २०२५ मध्ये. मोटारीला तेथे ताशी १२० ची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला १७ वेळा दबणे, आणि तेही तासन्‌तास. गावातल्या खड्ड्यांत टायरला मधूनमधून विसावा तरी मिळतो. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने तेथे टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्यांना परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच झाले. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, असेही पुष्कळ ऐकू येते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दाब वाढण्याचा नियम दोघांना सारखाच. तो थोडा सावकाश गळतो आणि कोरडा असतो, एवढाच फायदा. वाकलेल्या भिंतीला आत कोणता वायू आहे याच्याशी कर्तव्य नसते.

तेव्हा घरी गाडी असेल तर सकाळी, ती रात्रभर उभी असताना, हवा मोजायला सांगा. निदान पंधरा दिवसांतून एकदा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात असते. बऱ्याच तक्त्यांत दोन आकडे असतात, कमी भाराचा आणि भरल्या गाडीचा. लग्नाला निघालेल्यांनी दुसरा पाहावा. आणि तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू देऊ नका, कोणी कितीही आपुलकीने म्हणाला तरी.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे शोधा. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुने रबर ताठरते आणि त्याला बारीक भेगा पडतात. माझ्या फुटलेल्या टायरचे हे आकडे मी त्या दुकानात पहिल्यांदा वाचले. त्याला सात वर्षे झाली होती. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, तेही पाहा. खाच झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरली. मग पावसाळ्यात रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल आला की अशा टायरचे काही खरे नाही.

स्टेपनी तपासायला कोणी जात नाही. वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास असे जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू झाला. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे त्या चाकाला अजून चिकटून आहे. माझी स्टेपनी डिकीत आहेराच्या भांड्यांखाली होती. सगळे सामान रस्त्यावर काढून मी ती बसवली आणि बैलगाडीच्या चालीने दुकान गाठले. कारागिराने तिला गेज लावले. तिच्यात १८ पौंड हवा होती.