वकिलाविरुद्ध तक्रार : ग्राहक आयोगात नव्हे, बार कौन्सिलकडे

वकिलाने फी घेऊन काम केले नाही तर ग्राहक आयोगात जावे, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरवले होते, त्यातून हा समज पसरला. पण १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. वकील अशिलाच्या सूचनेप्रमाणे आणि वकीलपत्राने मिळालेल्या अधिकारातच काम करतो. त्याच्यावर अशिलाचे बरेच थेट नियंत्रण असते. त्यामुळे हा 'व्यक्तिगत सेवेचा करार' ठरतो आणि ग्राहक कायद्याने असा करार 'सेवे'च्या व्याख्येतून वगळला आहे. निकाल इतका स्पष्ट असताना नाडलेल्या अशिलाला पुन्हा आयोगाच्या दारात पाठवणे हा त्याच्यावर दुसरा अन्यायच आहे.

याच निकालावरून 'आता वकिलांना कोणी विचारणारे नाही' असाही अर्थ काढला जातो. तोही तितकाच खोटा. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते, पैशांच्या अपहाराची फिर्याद पोलिसांत देता येते आणि व्यावसायिक गैरवर्तनासाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ चे कलम ३५ आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील वकिलांविरुद्धची तक्रार मुंबईतील बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या संस्थेकडे करावी लागते. तक्रारीवर सही आणि सत्यापन हवे, ठरलेली फी भरावी लागते. मात्र ती इंग्रजीतच हवी असे नाही, मराठीतही चालते. सोबत काय जोडले आहे, यावर बरेच अवलंबून असते. वकील तारखांना गैरहजर राहिला असेल, तर त्या तारखांच्या रोजनाम्याची नक्कल, वकीलपत्राची प्रत आणि फी दिल्याच्या पावत्या पुरेसे बोलतात. नुसत्या संतापाने भरलेली चार पाने काहीच सिद्ध करत नाहीत.

कौन्सिलला तथ्य वाटल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समितीला साक्षीदारांना समन्स काढण्याचा अधिकार असतो. ती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ वकिली बंद ठेवू शकते किंवा सनद कायमची काढून घेऊ शकते.

खटला हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि नैतिक दोष नसलेली साधी चूकही नव्हे. मोठ्या लॉ फर्मविरुद्ध तक्रार करतानाही ज्याच्याकडे सनद आहे त्या वकिलाचे नाव द्यावे लागते, कारण कौन्सिलच्या नोंदवहीत फर्म नसते, व्यक्ती असते. फी थकली म्हणून वकील कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे ठरवले आहे. वकिलाने समेट केला की चौकशी मिटते, हेही खरे नाही; केवळ तक्रार मागे घेतली म्हणून ती बंद करता येत नाही.

'तिथे वर्षानुवर्षे फाइल पडून राहते' ही निराशा समजण्यासारखी आहे. पण कलम ३६-ब नुसार चौकशी एका वर्षात संपवावी लागते, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. समितीचा आदेश मान्य नसेल तर तो कळल्यापासून ६० दिवसांत तिथेच अपील करता येते आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात.