हिशेब कोण तपासतो, ते आधी विचारा

धुळ्याचा यंत्रमागवाला असो की जळगावचा दुकानदार, पतसंस्थेत ठेव ठेवताना आपण एकच प्रश्न विचारतो : व्याज किती? तिथला हिशेब कोण तपासतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेचा अनुभव खानदेश विसरलेला नाही. ठेवी परत मिळेनात, २०१५ साली संचालकांना अटक झाली, संस्थेवर अवसायक आला. अवसायनाच्या काळातील व्यवहारांबद्दलही २०२० मध्ये पुणे पोलिसांत गुन्हा दाखल झाला. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हेही लक्षात ठेवावे.

ऑडिट तर दरवर्षी होतेच, मग समिती कशाला? ज्यांचा कारभार तपासायचा, तेच ऑडिटर निवडत असतील आणि त्याची फी ठरवत असतील, तर ऑडिटरची जीभ अडखळते. म्हणून मध्ये तिसरा माणूस हवा. ऑडिट कमिटी ती हीच.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ही समिती नेमावीच लागते. आमच्या जळगावची जैन इरिगेशनही या नियमाखाली येते. समितीत किमान तीन संचालक असतात. नोंदलेल्या कंपनीत त्यांपैकी दोन तृतीयांश स्वतंत्र, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेले लागतात. ऑडिटर कोण असावा याची शिफारस करणे, ताळेबंद संचालक मंडळापुढे जाण्याआधी तपासणे, संचालकांच्या नातलगांशी व त्यांच्या फर्मशी होणारे व्यवहार पारखणे, ही तिची मुख्य कामे. गैरप्रकार दिसल्यास नोकरालाही समितीच्या अध्यक्षाकडे थेट जाता यावे, अशी तरतूद आहे.

मात्र कागदावरची समिती कामाची नाही. सत्यम कंपनीतही अशी समिती होती. तरीही २००९ मध्ये हजारो कोटींचे खोटे हिशेब बाहेर आले. समितीतील माणसाला ताळेबंद वाचता यायला हवा आणि अवघड प्रश्न विचारायची हिंमत हवी.

मल्टिस्टेट सहकारी संस्थांच्या कायद्यातही २०२३ च्या दुरुस्तीने ऑडिट व नीतिविषयक समितीची तरतूद आली. तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच : ठेव ठेवण्याआधी संस्थेचा वार्षिक अहवाल मागा. समितीत कोण आहेत, ते संचालकांचे सोयरे तर नाहीत, वर्षात बैठका किती झाल्या, संचालकांच्या घरच्यांना कर्ज किती दिले, हे विचारा. सभासद असाल तर वार्षिक सभेला जाऊन हेच प्रश्न उभे राहून विचारा. उत्तर देताना कोणी चिडला, तर आपली रक्कम दुसरीकडे नेलेली बरी.