कातळावरचा चिमुकला माळी

आपल्या सातारा-सांगलीला समुद्र नाही. आपली कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, कराड, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराकडे निघते! त्यामुळे आपली नि समुद्राची भेट होते ती शाळेच्या सहलीत, नाहीतर सुटीत. साताऱ्याची मंडळी आंबेनळी घाट उतरून हरिहरेश्वरला जातात, सांगलीची मंडळी फोंडा घाट उतरून मालवणला. गाडी थांबली रे थांबली की सगळे धूम ठोकतात वाळूकडे. या खेपेला मात्र थोडा वेळ वाळू सोडा आणि खडकांकडे चला. तिथे एका माळ्याची ओळख करून घ्यायची आहे.

पण खडक उघडे कधी पडतात? समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते नि दोनदा ओहोटी. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा भरतीचं पाणी खूप वर चढतं, पण ओहोटीला खूप मागेही हटतं. ही ओहोटी आपल्या कामाची. वेळ गावातल्या कोळ्यांना विचारा. आईबाबांनो आणि शिक्षकांनो, पाणी चढू लागलं की लगेच माघारी फिरायचं, हे आधीच ठरवून घ्या. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी तिथे जाणं जिवावर बेतू शकतं.

आता वाका आणि नीट पाहा. खडकावर शंखच शंख चिकटलेले दिसतील. प्रत्येकाच्या आत एक जिवंत गोगलगाय आहे बरं का! पावसाळ्यात आपल्या परसात फिरते ना, तिचीच ही समुद्रातली चुलत भावंडं.

यांच्या वस्तीचे मजले ठरलेले असतात. सर्वांत वर, जिथे लाटांचे फक्त तुषार पोचतात, तिथे खडकाच्या चिरांत मसुराएवढ्या बारक्या गोगलगाई दाटीवाटीने बसलेल्या असतात. मधल्या मजल्यावर काळसर, गोलसर नेराईट आणि टोपीसारखे लिंपेट. अगदी खाली, जिथे समुद्रशेवाळ वाढतं, तिथे टर्बो राहतो. लॅटिन भाषेत टर्बो म्हणजे भोवरा. शंख पाहिलात की नाव का पडलं ते लगेच कळेल.

पावसाळा सरला की खडकांवर ही शेवाळाची बाग फुलू लागते. कुठे कोवळ्या पानांसारखं हिरवंगार उल्वा, कुठे बारीक फुगे लागलेलं तपकिरी सारगॅसम. ओहोटीला ऊन तापतं, खडक चटके देतो. अशा वेळी या ओल्या शेवाळाखाली गोगलगाईंना गारवा मिळतो आणि शत्रूपासून लपायला जागाही. शिवाय टर्बो आणि नेराईट यांच्याकडे स्वतःचं दार असतं! अंग आत ओढून घ्यायचं आणि झाकण लावून टाकायचं. आतला ओलावा आतच राहतो. टर्बोचं झाकण तर सदऱ्याच्या बटणासारखं जाड नि टणक असतं.

आणि जेवण? तेही शेवाळाचंच. यांची जीभ खोबऱ्याच्या किसणीसारखी असते. तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. त्या जिभेने ही मंडळी खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. लिंपेटचे दात किती कठीण असावेत? २०१५ साली इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा तोवर मोजलेल्या सगळ्या नैसर्गिक पदार्थांत तेच सर्वांत बळकट ठरले. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याहूनही बळकट!

‘एवढ्याशा गोगलगाईने असं कितीसं शेवाळ खाल्लं?’ असं वाटतंय ना? मग ही गोष्ट ऐका. १९६७ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ टॉरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आदळलं. हजारो टन तेल समुद्रात सांडलं. ते धुऊन काढायला किनाऱ्यावर रसायनं ओतली. त्या रसायनांनी लिंपेट मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर खडक हिरवेगार झाले, मग तपकिरी शेवाळाने पार झाकून गेले. चरणारंच कोणी उरलं नव्हतं! जिथे रसायनं जास्त पडली होती, तिथला किनारा पूर्वीसारखा व्हायला दहा ते पंधरा वर्षं लागली. म्हणजे ही गोगलगाय खडकावरची माळीणच की! ती शेवाळ खाते, म्हणून बाग बेताने वाढते आणि इतरांनाही जागा उरते.

आता आपल्या सहलीकडे वळू. परतताना कितीतरी पिशव्या शंखांनी भरलेल्या असतात. गाडी घाट चढू लागते आणि वास सुटतो. कसला वास? पिशवीत मेलेल्या गोगलगाईंचा. आपण ‘शंख’ म्हणून उचललेला असतो, पण आत जीव होता हे पाहिलेलंच नसतं. बरं, रिकामा शंखही वाया जात नाही. हर्मिट क्रॅब नावाचा खेकडा त्यात घर करतो. त्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच तेवढं पुरत नाही. आपण शंख नेला, की त्याला जागा कमी पडते. म्हणून तर मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य झाला आणि २००१ साली समुद्री शंखांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं.

तेव्हा खडकांवर फिरताना एवढं सांभाळा. शेवाळ निसरडं असतं, चपला घालून सावकाश चाला. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. लिंपेट ओढून काढू नका. कोनाच्या आकाराच्या शंखाला तर हात लावूच नका, त्याचा दंश विषारी असतो. आणि घरी न्यायचं ते चित्र, वहीत काढलेलं!

सहलीला अजून अवकाश असेल, तर पहिल्या पावसात परसातली एक गोगलगाय काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि काच उचलून खालून पाहा. तिच्या पायावर लाटांमागून लाटा सरकताना दिसतील. समुद्रातली तिची भावंडंही अशीच पायावर चालतात. पाहून झालं की तिला हळूच झाडाखाली सोडा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा, विसरू नका हं!