एका दिवसाचे केंद्राध्यक्ष

२०२४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. घरात चकलीची भाजणी मळली जात होती, मुले आकाशकंदिलाच्या कामट्यांवरून भांडत होती, आणि आम्ही नेहमीप्रमाणे दोघांनाही उपदेश करीत बसलो होतो. इतक्यात महाविद्यालयाचा शिपाई एक लिफाफा घेऊन आला. २० नोव्हेंबरला होणाऱ्या विधानसभा निवडणुकीसाठी प्रस्तुत लेखकाची ‘मतदान केंद्राध्यक्ष’ म्हणून नेमणूक झाली होती.

“अध्यक्ष!” सौ.ने चकलीचा सोऱ्या खाली ठेवीत विचारले, “म्हणजे भाषण करायचं का?”

“छे! त्या दिवशी कोणाच्याही बाजूने एक शब्द बोलायचा नाही.”

“मग तुमचं कसं व्हायचं?” ती म्हणाली आणि पुन्हा चकलीकडे वळली.

वाचकहो, आपण मतदानाला जातो तेव्हा आत बसलेल्या त्या चारपाच माणसांकडे क्वचितच नीट पाहतो. रांगेत उभे राहून पाय दुखले म्हणजे त्यांच्या नावाने बोटे मोडतो, शाई लावून घेतो आणि घरी येऊन झोपतो. ही माणसे निवडणूक आयोगाची कायमची नोकर नसतात. कोणी शाळेतल्या बाई, कोणी महापालिकेतले कारकून, कोणी बँकेतले गृहस्थ, तर कोणी आमच्यासारखा व्याकरण शिकवणारा. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याने मात्र निकाल जाहीर होईपर्यंत ही सारी मंडळी आयोगाच्या सेवेत प्रतिनियुक्त मानली जातात. तेवढ्या काळापुरता साहेब बदलतो, आणि नवा साहेब फार शिस्तीचा असतो.

कामाची वाटणी साधी आहे. पहिला अधिकारी यादीची खूणप्रत घेऊन बसतो. आलेल्या माणसाचे नाव शोधायचे, ते मोठ्याने वाचायचे म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जाते, आणि ओळख पटवायची. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राची कळ दाबतो, तेव्हाच मतदाराच्या पुढचे यंत्र जागे होते. केंद्राध्यक्षाने या सर्वांवर नजर ठेवायची, वेळोवेळी आकडे जुळवायचे, आणि जे काही वाकडे घडेल त्याची जबाबदारी घ्यायची.

आदल्या दिवशी साहित्य मोजून घेताना आमची खरी परीक्षा झाली. यंत्रे, याद्या, शाईची बाटली, मोहोर, लाख, दोरा, टाचण्या, मेणबत्ती, काड्यापेटी! लग्नघरच्या रुखवताची यादीसुद्धा याच्यापुढे आखूड. आमच्या पथकातील एक शिक्षिका बाई प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीने खूण करीत होत्या. या बाईंची ही पाचवी निवडणूक. “सर, दोरा कमी पडला तर उद्या रात्री बारा वाजता कोणतं दुकान उघडं असणार?” त्यांच्या या एका वाक्यात आम्हांला दोन प्रशिक्षणवर्गांचे सार मिळाले.

मतदान सातला सुरू व्हायचे, पण साडेपाचलाच ‘अभिरूप मतदान’, म्हणजे रंगीत तालीम. प्रतिनिधींच्या समक्ष निदान पन्नास मते टाकायची, यंत्रातली बेरीज आणि कागदी चिठ्ठ्या यांचा मेळ घालून दाखवायचा, आणि नंतर सारे पुसून यंत्र कोरे करायचे. हे पुसणे राहिले तर तालमीतली मते खऱ्या मतांत मिसळलीच म्हणून समजा. बाईंनी ते आम्हांला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा आम्ही जरा चिडलो. मग लक्षात आले की चिडण्याचा अधिकार त्या दिवशी आम्हांला नव्हताच.

सर्वांत कठीण पथ्य वागण्याचे. नऊ वाजता एका प्रतिनिधीने मोठ्या प्रेमाने गरम वडे आणि चहा पाठवला. आलेला चहा नाकारणे हे आपल्याकडे जवळजवळ भांडण उकरण्यासारखे! पण एकाचा चहा घेतला की दुसऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. आम्ही हात जोडून तो परत केला आणि घरून आणलेल्या डब्यातली चकली खाल्ली. कायदा याबाबतीत मोठा मार्मिक आहे. मतदानकेंद्रावरच्या अधिकाऱ्याने स्वतःचे मत देण्यापलीकडे कोणत्याही उमेदवाराच्या लाभाचे काहीही करू नये, असे त्यात म्हटले आहे. मोडेल त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मत असावे, पण ते चेहऱ्यावर नसावे.

अंध किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो, मात्र एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येते. आमच्याकडे एक उत्साही तरुण सकाळपासून तिसऱ्या आजोबांना घेऊन आला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. तो म्हणाला, “सर, मी समाजसेवा करतोय.” आम्ही म्हटले, “बाबा रे, दारापर्यंत कर. आत नाही.”

दुपारी दीडच्या सुमारास ती गोष्ट घडली. लुगडे नेसलेल्या, सत्तरीच्या घरातल्या एक आजी ओळखपत्र पदराच्या गाठीतून सोडवीत पुढे आल्या. पहिल्या अधिकाऱ्याने नाव काढले आणि तो थबकला. त्या नावावर आधीच खूण होती. कोणीतरी त्यांचे मत देऊन गेले होते.

“असं कसं होईल?” आजी म्हणाल्या. “मी तर आत्ता येतेय. सकाळी नातवाला सांभाळत होते.”

आम्ही त्यांचे बोट पाहिले; शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. घराचा पत्ता, यजमानांचे नाव, घरातली इतर माणसे, सारे विचारले. सारे जुळले. यादीतल्या छायाचित्राशी चेहराही जुळला. ते छायाचित्र सकाळीही तिथेच होते. गर्दीच्या वेळी एका चेहऱ्याकडे नीट पाहिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती चूक होती की कोणाची तोतयेगिरी, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. पण घडले ते आमच्या छताखाली.

नियमात यावर उपाय आहे. त्याला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. अशा मतदाराला यंत्रावर मत देता येत नाही. त्याला कागदी मतपत्रिका द्यायची, शिक्का मारून आणली की स्वतंत्र लिफाफ्यात ठेवायची. आजींनी सही केली, आडोशाला जाऊन शिक्का मारला, पत्रिकेची व्यवस्थित घडी घालून आमच्या हाती दिली आणि विचारले, “साहेब, हे मोजतात ना?”

खोटे सांगणे फार सोपे होते. रांग बाहेरपर्यंत गेली होती, प्रतिनिधी कान देऊन ऐकत होते, आणि ‘हो’ म्हटले असते तर आजी समाधानाने घरी गेल्या असत्या. पण ही मते नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत. निकालाचा वाद न्यायालयात गेला आणि तिथे तसे ठरले तरच तो लिफाफा उघडतो. आम्ही तसे सांगितले. हात जोडून म्हटले, “आजी, चूक आमच्याकडून झाली. मी तसं लिहून ठेवतो.”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लिहा. माझं नाव नीट लिहा.”

या एका वाक्याने आमच्या डोळ्यांपुढे निराळाच इतिहास उभा राहिला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. याद्या करताना लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच लिहून दिले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय मत नाही असे ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. तेव्हापासून नाव सांगायला शिकलेल्या स्त्रियांपैकीच कोणाची तरी ही लेक. आणि तिच्याच नावावर आम्ही न पाहता रेघ ओढली होती.

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. राजस्थानात नाथद्वाऱ्याचा २००८ सालचा निकाल अवघ्या एका मताने लागला होता. २०२४ मध्ये आपल्या मुंबईतल्या वायव्य मतदारसंघाचा लोकसभेचा निकाल ४८ मतांनी ठरला.

संध्याकाळी सहाला रांगेत बरीच माणसे होती. वेळ संपताना जो रांगेत आहे त्याला मत देता येते. त्यासाठी शेवटच्या माणसापासून पुढे अशा क्रमाने चिठ्ठ्या वाटायच्या, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. या साध्या युक्तीचे आम्हांला फार कौतुक वाटले. मग यंत्र बंद, नोंदवहीचा आणि यंत्राचा आकडा जुळवणे, हिशेबाच्या नमुन्याची सही केलेली प्रत प्रत्येक प्रतिनिधीला देणे, लाख, मोहोर, आणि अखेर त्या बाईंचा दोरा. तो पुरला! दैनंदिनीत आजींची हकीकत लिहिताना हात जड झाला खरा, पण एकही शब्द गाळला नाही.

श्याम शरण नेगी हे हिमाचलातल्या चिनी गावचे शाळामास्तर. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, देशाच्या पहिल्या निवडणुकीत, त्यांनी सर्वांच्या आधी मत दिले. कारण त्यांना स्वतःला निवडणुकीच्या कामावर जायचे होते. या देशाचा पहिला मतदार हा मतदान घेणाऱ्यांपैकीच एक होता, ही गोष्ट आम्हांला त्या रात्री फार धीर देऊन गेली.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. सौ.ने दार उघडले. “काय अध्यक्ष, कसं झालं?”

“एक चूक सोडून सगळं बरं झालं.”

“कोणाच्या लक्षात आली?”

“मीच लिहून दिली.”

तिने काही न बोलता पान वाढले.

पुढच्या वेळी मतदानाला जाल तेव्हा पहिल्या टेबलावरचा माणूस आपल्या तोंडाकडे निरखून पाहू लागला, तर रागावू नका. पदर किंवा टोपी जरा मागे सारा आणि त्याला नीट पाहू द्या. तो तुमच्यावर संशय घेत नसतो. तुमचे नाव राखत असतो.