मोफत लॅपटॉपवर गणिताची वही: मॅक्सिमा कसे वापरावे?

तामिळनाडू शासनाची विद्यार्थ्यांसाठीची मोफत लॅपटॉप योजना १५ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झाली. त्या योजनेतील अनेक लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्सही दिलेले होते. बॉस ही चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली कार्यप्रणाली आहे. वेस्ट मांबलममधल्या तुमच्या घरी असा लॅपटॉप असेल आणि मूल बारावीत किंवा पदवीला गणित शिकत असेल, तर बीजगणिताच्या सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही.

हे सॉफ्टवेअर कोणते?

त्याचे नाव मॅक्सिमा. ते अवयव पाडते, समीकरणे सोडवते, विकलन आणि संकलन करते. साध्या कॅल्क्युलेटरवर १/३ + १/७ केले तर ०.४७६१९… असे तुटक उत्तर येते. मॅक्सिमा १०/२१ असे नेमके उत्तर देते. (टाइप करताना अंक मात्र इंग्रजीच वापरावेत.)

याचे मूळ अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९६८ मध्ये सुरू झालेल्या मॅकसिमा प्रकल्पात आहे. टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये निधन होईपर्यंत त्याची एक प्रत सांभाळली, आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली. म्हणून आज त्यासाठी नोंदणी, आधार क्रमांक किंवा शुल्क काहीही लागत नाही. ‘लायसन्स’च्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

वहीसारखी खिडकी कशी चालते?

मॅक्सिमा मुळात काळ्या पडद्यावर ओळीओळीने चालते. अपूर्णांकाची रेघही तिथे टिंबे-डॅश जोडून काढलेली दिसते, आणि नवशिक्या मुलाचा धीर तिथेच सुटतो. त्यासाठी डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा हा वेगळा प्रोग्राम बनवला गेला. बॉसवर तो सिनॅप्टिकमधून शोधून बसवता येतो, विंडोजसाठीही मोफत मिळतो.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी, कारण बऱ्याच अडचणी तिच्यातूनच येतात. खिडकी आणि गणित करणारे इंजिन हे दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत. तुम्ही चौकटीत गणित लिहून शिफ्ट आणि एंटर दाबता. खिडकी ते इंजिनकडे पाठवते. उत्तर खुणांसह परत येते आणि खिडकी त्यातून अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक पुस्तकातल्यासारखे रेखाटते. दोघांचे बोलणे लॅपटॉपच्या आतल्या आत, नेटवर्कच्याच पद्धतीने होते. म्हणून पहिल्यांदा उघडताना विंडोजचे फायरवॉल परवानगी विचारू शकते. घाबरून नकार दिला, तर खिडकी उघडते पण इंजिन जोडले न जाण्याची शक्यता असते. इंटरनेट नसले तरी सर्व काम चालते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. काल जतन केलेली वही आज उघडली की उत्तरे दिसतात, पण इंजिन नव्याने सुरू झालेले असते आणि त्याला कालचे काहीच आठवत नाही. ‘सर्व चौकटी पुन्हा चालवा’ या अर्थाचा पर्याय मेनूत आहे. आधी तो वापरावा. चौकटी वरखाली उड्या मारत चालवल्या असतील, तर कागदावर दिसणारा क्रम आणि इंजिनच्या लक्षात असलेला क्रम वेगळा पडतो. उत्तर विचित्र वाटले की आधी हेच तपासावे. गणित अडकून पडले, तर लॅपटॉप बंद करू नये. थांबवण्याचे बटण इंजिनचे चालू काम तोडते, वही तशीच राहते.

मॅक्सिमा बहुतेक वेळा थेट उत्तर देते, पायऱ्या दाखवत नाही. परीक्षेत गुण पायऱ्यांना असतात, तेव्हा उत्तर पडताळण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

मराठीतून शिकायचे असेल तर?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय अभियानातून आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे प्रकल्प उभे राहिले. स्पोकन ट्युटोरियलचे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ मराठी आणि तमिळ दोन्हींत आहेत. सायलॅब व जिओजेब्रा यांसारखी मोफत गणिती साधने त्यांतून शिकता येतात. फॉसीने पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून पायथनच्या वह्यांमध्ये उतरवून घेतली आहेत, तीही मोफत आहेत.

लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी वहीच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. एका वहीची एकच फाइल असते आणि ती दुसऱ्या कोणत्याही संगणकावर, डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा बसवलेले असल्यास, उघडते.